नदीपलीकडची सुट्टी

सुट्टी कशाची, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? तहसील कचेरीतल्या गुणवंतराव कारकुनांनीही कधी विचारलं नव्हतं. ऑगस्टमधली ती स्थानिक सुट्टी आली की ते आदल्या दिवशीच नागपूरची बस धरत. यंदा मात्र साहेबांनी त्यांच्या हाती एक चौकट दिली आणि ती सुट्टीच्याच दिवशी नदीपलीकडे पोचवायला सांगितली. सुट्टी बुडाली म्हणून गुणवंतराव घरभर चिडचिडले.

बारा वर्षांपूर्वी धानाच्या रोवण्याला निघालेल्या सात बाया नदीत डोंगा उलटून बुडाल्या होत्या. त्यांत नदीपलीकडच्या सुकलू आत्रामची मुलगी चंदा होती. त्यांच्या आठवणीला सुट्टी मिळावी म्हणून सुकलूनं सात वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवले. सुट्टी मिळाली, पूल मिळाला नाही. उन्हाळ्यात सुकलू वारला, आणि आता विधानसभेनं त्याच्या गौरवाचा ठराव केला होता; तोच त्या चौकटीत होता.

डोंग्यात बसताना गुणवंतराव एकदा या, एकदा त्या बाजूला सरकले. नदी दुथडी भरून वाहत होती.

"हलू नका, सायब," डोंगेवाला लालसू म्हणाला. पैलतीर येईपर्यंत गुणवंतराव चौकट छातीशी धरून बसले.

सुकलूची बायको नीलाबाई काठावरच्या दगडांच्या ढिगापाशी होती. त्यांनी तिला ठराव वाचून दाखवला.

"सुट्टी काऊन मागतली होती, ते लिवलं हाये का?" तिनं विचारलं.

"नाही, बाई."

"कचेरी चालू असली का सायबाले येळ नसते. म्हून सुट्टी. सारे इथी येतीन, मेलेल्याइच्या नावानं सात दगड ठेवतीन, म्हने तो. एकडाव डोंग्यात बसले का पुलाचं सांगा नाई लागत. पाच वर्सं तो सकाळपासून घाटावर वाट पाहे. मंग सातही दगड एकटाच ठेवे."

"आजवर कचेरीतले किती आले?"

"तुमीच पयले. तेबी कागद आनला म्हून."

गुणवंतरावांची मान खाली गेली. सुकलूनं पुलासाठी केलेल्या अर्जावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून तो कपाटात टाकणारे तेच होते. त्यांनी सात दगड उचलून एकेक करून त्या ढिगावर ठेवले.

"पुढच्या वर्षी सगळी कचेरी आणतो, बाई."

"आमाले रोजच याच डोंग्यात जा लागते, सायब."

परतीच्या डोंग्यात त्यांच्या हाती चौकट नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच त्यांनी तो अर्ज साहेबांपुढे ठेवला. "सही नंतर करा, साहेब. आधी माझ्याबरोबर डोंग्यात बसा."

बंधूंनो, भगिनींनो, सुट्टी मिळवून देणाऱ्याचा नुसता ठराव करून भागत नाही. त्यानं ती कशासाठी मागितली, ते पुरं करा, तोच त्याचा मान!