फांदीवरची डिस्क

मी बोलतेय ती डाळिंबाच्या फांदीवरून. जरा मान वर करा. सुतळीला लटकून गिरक्या घेणारी चकचकीत चकती दिसतेय ना, तीच मी. व्हिडिओ गेमची डिस्क. माझ्या पोटात गाड्यांची शर्यत आहे. अजून शाबूत असावी, पण बघणार कोण?

माझं पहिलं घर भिंगारच्या बाजारात, कानिफशेठच्या दुकानात. बोलायची सवय त्यांचीच लागली. लष्करातल्या कुणाची बदली झाली की त्यांची मुलं आपल्या डिस्क शेठकडे देऊन दुसऱ्या न्यायची. मीही तशीच दोन-तीन घरं फिरून आलेली. शेठ मला उजेडात तिरकी धरून गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हिच्यावर ओरखडा दाखवा, चहा माझ्याकडून." चहा त्यांनी आधीच पाजलेला असायचा.

एकदा राहात्याचे कल्याणतात्या पोरांना घेऊन दुकानात आले. अंगदनं मला उचललं, धाकट्या संस्कृतीनं त्याच्या हातातून ओढलं.

"किती दिस चालंल ही?" तात्यांनी विचारलं.

"घरात पोरं आहेत तोवर," शेठ म्हणाले. शेठ मालाबद्दल कधी खोटं बोलत नसत.

मग काय दिवस गेले म्हणता. ओरखडे जावेत म्हणून संस्कृती मला टूथपेस्ट लावून पुसायची, आणि हरली की गादीखाली लपवून ठेवायची.

"डिस्क अर्धी माझी हाय, दादा."

"कुठली अर्धी?"

"जी फिरती ती."

पुढं संस्कृती लग्न होऊन नाशिकला गेली. अंगदनं गेमचं जुनं मशीन देऊन नवं आणलं. त्याला डिस्क घालायला फटच नाही. महिन्याचे पैसे भरायचे, की हवा तो गेम समोर. माझाही गेम त्यात होता. संध्याकाळी माझ्याच गाड्यांचा आवाज यायचा आणि मी कपाटात पडून तो ऐकायचे.

एक दिवस तात्यांची नजर माझ्यावर गेली. "पाखरं लई झालीत बागंत. ही काचंवानी चमकती." मधल्या भोकातून सुतळी ओवली आणि मी इथं आले.

यंदा भाऊबीजेला संस्कृती आली. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "दादा, ओवाळणी ऱ्हाऊ दे. आपला गाड्यांचा गेम लाव. एकदा हरवते तुला."

अंगदनं गेम शोधला. वर बघितलं, खाली बघितलं. कंपनीनं तो काढून टाकला होता.

"असा कसा काढला? पैसे भरतोस ना?"

"भरतो. पण ते आपलं नसतं गं. त्यांनी ठेवलं तोवर."

"मग आपली डिस्क कुठंय?"

दोघं बागेत आली. एवढ्या दिवसांनी माणसाचा हात लागला मला. संस्कृतीनं सुतळी सोडली, ओढणीनं मला पुसलं आणि शेठसारखी उजेडात तिरकी धरली. "ओरखडे हायत, पण चालंल."

"चालंल. घालू कुठं? जुनं मशीन तर देऊन बसलो."

"कानिफशेठकडे असंल एखादं."

"शेठ आता मोबाईलची कव्हरं विकतात."

संस्कृतीनं मला बोटात अडकवून हळूच फिरवलं आणि तोंडानं गाडीचा आवाज काढला, लहानपणी काढायची तसा. आवाज थांबला तेव्हा म्हणाली, "हरलास."

"हरलो," अंगद म्हणाला.

तिनंच मला परत फांदीला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली.

फिरणं माझं सुटलेलं नाही, वारा आला की फिरते. पण पूर्वी मी फिरायला लागले की पोरं जवळ सरकून बसायची. आता मी फिरले की जवळ आलेलं पाखरूही उडून जातं. कामच तसं दिलंय मला.

राहात्याच्या बाजूला कधी आलात तर बांधावरून थोडं आत या. मी पाखरांना हाकलायला टांगलेली आहे, माणसांना नाही.