जेटमधला केस

नवरा गेल्यापासून आमचं बर्फ फेकायचं यंत्र किंजी भाऊजी चालवतात. माझे धाकटे दीर. डोक्यावर एक केस नाही, पण यंत्रात हात चांगला. त्या जानेवारीत बर्फ थांबायचं नावच घेत नव्हता. अखेर एका सकाळी उघडीप मिळाली. केरोसीनची गाडी दारापर्यंत यायची म्हणजे आमची आणि शेजारच्या ताने आजींची सामाईक गल्ली मोकळी करायला हवी होती. आजींच्या घराच्या दारंखिडक्या बंद होत्या. बर्फ वाढला की त्या नागाओकाला लेकीकडे जातात, तशाच गेल्या असणार, असं सगळा गाव धरून चालला होता.

भाऊजींनी यंत्र सुरू केलं. बर्फाचा फवारा ओढ्याकडे उडायला लागला. आजींच्या छपराखाली पोचले आणि यंत्र खोकलं, आचके दिले, बंद पडलं.

"कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय," भाऊजी म्हणाले. "वहिनी, गेल्या वर्षीचं पेट्रोल तसंच ठेवलं होतंत ना टाकीत?"

"नाही हो. तुम्हीच तर उपसलं होतं."

"मग मीच गाढव. चला, ढकला."

शेडमध्ये आणून त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. तळाशी काही नव्हतं. जेट, म्हणजे इंजिनला पेट्रोल सोडणारी ती इवलीशी पितळी तोटी, काढून उजेडाकडे धरला. सुईच्या टोकाएवढं त्याचं भोक आरपार दिसत होतं. तरी साफ करायचा फवारा मारला, बारीक तार घातली, पुसून परत बसवला. दोरीच्या पहिल्याच ओढीला इंजिन गुरगुरलं. शेडबाहेर, रस्त्यावर, फाटकापर्यंत झकास चाललं. आजींच्या छपराखाली आलं आणि तिथेच, त्याच जागी, बंद.

"ह्याला ही जागा आवडलेली दिसतेय," मी हसून म्हटलं. भाऊजींनी यंत्र परत शेडकडे ढकललं.

दुसऱ्यांदा वाटी उघडली. या वेळी जेट बुजलेला होता. भाऊजींनी चिमट्याने हळूच ओढलं तर एक केस निघाला. मग आणखी एक.

"तुमचाच असेल," मी म्हटलं.

"माझा?" त्यांनी स्वतःच्या टकलावर हात फिरवला. "देवानं परत पाठवला वाटतं!" पण बोलता बोलता ते थांबले. पेट्रोलची नळी काढून आतली गाळायची जाळी तपासली. जाळी धड होती, कुठे फाटलेली नाही. "या जाळीतून केस जाऊच शकत नाही, वहिनी. आणि मघाशी मी जेट साफ केला. तुमच्यादेखत."

केस त्यांनी चिंधीवर ठेवले. लांब होते. अर्धे पांढरे, टोकाकडे काळे.

ताने आजींचे केस मीच काळे करायचे, दर महिन्याला, आमच्या स्वयंपाकघरात. शरद ऋतूत त्या म्हणाल्या, पोरी, आता पुरे, कुणाला दाखवायचंय? तेव्हापासून मुळाकडून पांढरं वाढत होतं.

मी फक्त म्हणाले, "भाऊजी, उरलेलं फावड्यानं काढू."

"एवढं? कंबर मोडेल."

"मोडू दे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन फावडी घेतली.

छपरावरून घसरलेला बर्फ दगडासारखा घट्ट झाला होता. आम्ही वरून थोडं थोडं तासत गेलो. कुठेच आवाज नव्हता, ओढ्याचासुद्धा नाही. मला सारखं वाटत होतं की पाठीमागे कुणीतरी उभं राहून आमचं काम बघतंय. वळून पाहिलं तर शेडच्या दारात यंत्र, आणि त्याचं पुढचं दातेरी पातं आमच्याकडे तोंड करून.

भाऊजींचं फावडं थांबलं. त्यांनी हातमोजे काढले आणि नुसत्या बोटांनी बर्फ बाजूला करायला लागले. आधी डोक्याचा रुमाल दिसला. मग खांदा.

आजी कुशीवर निजल्यासारख्या होत्या. छपरावरचं ओझं एकदम अंगावर आलं असणार. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. यंत्र आणखी एक हात पुढे गेलं असतं, तर काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही दिसलं.

लेक नागाओकाहून आली. तिला वाटत होतं, बर्फामुळे आईने येणं रद्द केलं आणि फोनच्या ताराही तुटल्या. ते केस भाऊजींनी कागदात गुंडाळून तिच्या नकळत शवपेटीत ठेवले. गावात त्यांनी सांगितलं की पेट्रोलमध्ये पाणी गेलं होतं, जेटमध्ये गोठलं, म्हणून यंत्र बंद पडत होतं. मीही मान डोलावली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी तीच गल्ली यंत्राने काढली. मी खिडकीतून आवाज ऐकत होते. छपराखाली तो जरासुद्धा बदलला नाही. मग भाऊजी आत आले, कोतात्सूच्या पांघरुणाखाली, शेगडीच्या उबेत पाय घालून बसले.

"चाललं?" मी विचारलं.

"चाललं."

मी चहा ओतला, मुळ्याच्या लोणच्याची बशी पुढे सरकवली. त्यांनी पेला उचलला आणि न पिताच परत खाली ठेवला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मघाशी तिथून जाताना मी मान लववून म्हटलं, आजी, जरा जाऊ द्या."

"मग?"

"मग काही नाही. जाऊ दिलं."