सात नंबरची थप्पी

“आधी मुंगीले वाढ वं तारा, मग आपल्या ताटावर बस. अन् एखाद् दिवशी ती आली नाही, तर काहून आली नाही हे पाहिल्याबिगर उठू नको.”

बाबांचं हे सांगणं मी तिसरीत होते तेव्हाचं. ते धान्याच्या बाजारात तोलारी होते. आयुष्यभर दुसऱ्याचं धान्य तोललं आणि घरी आल्यावर चिमूटभर पीठ-साखर अंगणाच्या कोपऱ्यात ठेवल्याशिवाय पाणीसुद्धा घेतलं नाही. ते गेल्यावर हा नेम मी घेतला. घेतला म्हणजे अर्धाच घेतला, हे मला फार उशिरा कळलं.

मी कळमन्याजवळच्या एका सरकारी गोदामात धान्याची तपासनीस आहे. यंदा तूर कमी पिकली, म्हणून सरकारने तातडीने परदेशातून तूरडाळ मागवली. अंगणवाडीतल्या लेकरांसाठी. ती आली त्या दिवशी मी गोदामाच्या दारात नुसती उभी राहिले. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण जहाजातून, मग मालगाडीतून, कुठल्या कुठल्या माणसांच्या पाठीवरून आलेली ती पोती छपरापर्यंत रचली गेली, तेव्हा देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा काटा अंगावर आला. पोत्यांवरची अक्षरं मला वाचता येत नव्हती. कोणाच्या तरी शेतातली डाळ, आमच्या उमरेडच्या लेकराच्या ताटात! मी मनातल्या मनात हात जोडले.

पोत्यांच्या अशा रचलेल्या ढिगाला आम्ही थप्पी म्हणतो. तपासायची रीत सोपी. परखी, म्हणजे लोखंडाची टोकदार पोकळ नळी, पोत्यात खुपसायची, आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, पाहायचे, हुंगायचे, कागदावर सही करायची. हात पोचतो तेवढ्याच, बाहेरच्या रांगेतल्या पोत्यांची. मी नोकरीला लागले तेव्हापासून असंच. आधीच्यांनीही असंच केलं.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार होता. माझा उपास. सात नंबरच्या थप्पीची तपासणी होती, म्हणून नेहमीसारखी तिच्या दाराबाहेर ओट्यावर पीठ-साखर ठेवली. तेवढ्यात आमचे गोदाम व्यवस्थापक मधुसूदन सर आले. ते मला रोज चिडवतात.

“ताई, सरकार आपल्याले किडे मारायचा पगार देते, अन् तुम्ही पोसून राहिल्या!”

“बाहेर पोसते सर, म्हणजे आत येत नाहीत.”

ते हसत निघून गेले. मी आत वळणार, तर झाडणारी तुळसाबाई म्हणाली, “बाई, तुमच्या पाहुण्या आज जेवायले नाई आल्या वं.”

तुळसाबाई साठीची. सांडलेले दाणे झाडून गोळा करणं हे तिचं काम. मी वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग भिंतीच्या कडेने सरळ येत होती आणि सात नंबरच्या दाराच्या हातभर अलीकडे, कोणी रेघ मारून ठेवल्यासारखी, वळून परत जात होती. साखर समोर होती. एकही पुढे येईना. रेघेच्या या बाजूला पाच-सात मुंग्या पोटाशी पाय ओढून मरून पडल्या होत्या.

“काल तू इथे काय झाडलंस?”

“याच थप्पीखालचा कचरा लोटला ना दाराबाहेर. पांढरी भुकटी होती. हे पाहा, कालपासून हाताले आग होऊन राहिली.” तिने तळवे पुढे केले. लाल झाले होते.

गोदामात औषधाचा धूर देतात, तो ताडपत्री लावून, आणि त्याची भुकटी मागे सोडत नाहीत; ही दुसरंच काही होती. मी परखी घेतली. बाहेरच्या पोत्यातली डाळ सोन्यासारखी होती. दुसऱ्यातली, तिसऱ्यातलीही. सही करण्यासारखीच. पण मी उठू शकले नाही. बाबांचं ते अर्धं वाक्य, जे मी इतकी वर्षं विसरले होते, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसलं होतं.

मी हमालांचे मुकादम नानाजी यांना म्हटलं, “नानाजी, थप्पी फोडायची आहे.”

“फोडाची? आतवर?” त्यांनी तंबाखू थुंकली. “मॅडम, बावीस वर्षांत मले असं कोणी म्हटलं नाई.”

“मलाही आजच सुचलं.”

त्यांनी मग टोपी सरळ केली आणि हाक दिली, “चला गा, उतरवा!”

पोती उतरू लागली. दोन रांगांपर्यंत तीच परदेशी अक्षरं, तीच मशीनची निळी शिवण. तिसरी रांग उघडी पडली आणि हमाल थांबले. अक्षरं नव्हती. शिवण सुतळीची, हाताने मारलेली. परखी खुपसली तर माझ्या तळहातावर काळपट, भोकं पडलेली जुनी डाळ आली, पिठासारख्या पांढऱ्या भुकटीत घोळलेली. एकही किडा जिवंत नव्हता. जिवंत राहण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

चांगल्या डाळीची दोन रांगांची भिंत, आणि आत हे. समुद्र ओलांडून आलेलं अन्न मधल्या मधे कुठे गेलं, कोणी नेलं, मला ठाऊक नाही. पण ज्याने ही भिंत रचली त्याला परखी किती आत जाते हे पक्कं ठाऊक होतं. आमचा हात कुठवर पोचतो, हे मोजूनच त्याने रचली होती.

मग आठवलं. पाच आणि सहा नंबरच्या थप्प्या मी सोमवारीच पास केल्या होत्या. उद्या सकाळी त्या ट्रकमध्ये भरून निघणार होत्या. त्या दिवशीही मी दाराबाहेर पीठ-साखर ठेवली होती. मुंग्या आल्या की नाही, ते बघायला थांबले नव्हते.

तुळसाबाई ती डाळ बघत होती. हळूच म्हणाली, “हे ट्रक उमरेडले जातेत ना बाई? माह्या लेकीची काजल तिथल्या अंगणवाडीत जाते. सगळी खिचडी संपवते, बोटं चाटते.” तिचा आवाज एवढासा झाला. “तिच्या ताटात हे येऊ देऊ नका.”

“नाही येऊ देणार.” मी म्हटलं. मी कोणाला सहसा शब्द देत नाही. देवाला दिलेलेच पुरे होतात.

मी पाचवी आणि सहावी थप्पीही फोडायला लावली. आत तेच. मग नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरले, लाखेने मोहोरबंद केले, नानाजींच्या सह्या घेतल्या. पत्र लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. चिडवणारा माणूस तो, पण चेहरा उतरला. “ताई, वरून फोन येऊन राहिले, उद्या माल निघालाच पाहिजे म्हणून. मी हे पत्र घेतलंच नाही असं समजा.”

“तुम्ही घेतलं नाही, तर मी जिल्हा कार्यालयात नेऊन देते, सर.”

“अन् पाच-सहावर सह्या कोणाच्या आहेत? तुमच्या! चौकशी लागली तर पहिला नंबर तुमचा. नोकरी जाईल.”

“म्हणून तर पहिल्या ओळीत मीच आहे.”

त्यांनी पुन्हा पत्राकडे पाहिलं. मी लिहिलं होतं: ‘आजवरच्या सर्व तपासण्या मी फक्त बाहेरच्या पोत्यांच्या केल्या. पाच व सहा क्रमांकाच्या थप्पीवरील माझी सही मी मागे घेत आहे.’ बाकीचं त्याखाली होतं.

सरांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “जिल्हा कार्यालयात पत्रं घेणारी आवक खिडकी पाचला बंद होते. शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नका.”

घड्याळात सव्वातीन झाले होते. ओट्यावरची पीठ-साखर मी पानावर उचलली, थोडी दूर कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवली आणि या वेळी उकिडवी बसून राहिले. एक मुंगी आली. पिठाभोवती फिरली, थांबली, कण उचलला. मग मागे दुसरी, तिसरी. एवढाएवढासा जीव! आम्हाला शिक्के, सह्या, परख्या दिल्या, तरी आम्हाला जे दिसलं नाही ते यांनी हातभर अंतरावरून ओळखलं. मला डोळे पुसावे लागले.

तुळसाबाई झाडू टेकवून उभी होती. “जाता?”

“जाते. तू हात धुऊन घे आधी, साबणाने. आणि त्या दाराकडे कोणाला फिरकू देऊ नकोस.”

मी नमुन्यांच्या पिशव्या छातीशी धरल्या, पत्र पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि फाटकाबाहेर येऊन ऑटोला हात केला.