एक हात मोकळा ठेवा

गर्भाशयातली गाठ नारळाएवढी झाली तरी संयोगिता ऑपरेशनचं नाव काढू देईना. सासर-माहेर दोन्हीकडच्यांनी हात टेकले. बाई मरणाला भीत नव्हती. तिला भीती होती ती जागं राहण्याची.

तीन वर्षांपूर्वी सांगलीतच तिचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा ती मध्येच शुद्धीवर आली होती. पापणीसुद्धा हलत नव्हती, पण पोटात काय चाललंय ते सगळं कळत होतं. वर डॉक्टरांच्या कुठल्याशा लग्नातल्या जेवणावरच्या गप्पा ऐकू येत होत्या. ओरडावं तर घशात नळी. नंतर घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, स्वप्न पडलं असेल. नवऱ्यानंही मान डोलावली. लोकांचं काय जातंय असं म्हणायला!

आता अंगावरून जाणं थांबेना, तेव्हा तिचे वडील जोतीराम तिला जवळजवळ ओढतच भुलीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर नौशीन वयानं तरुण होत्या. त्यांनी स्वप्नाचा विषयसुद्धा काढला नाही.

"या वेळी कपाळाला पट्टी लावू," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या लहरींवरून मशीन आकडा दाखवतं. तो पुरेसा खाली गेला की माणूस शुद्धीत नाही, असं आम्ही धरतो."

"धरता?"

"हो. धरतो."

"पण मी आत आहे की नाही, हे नक्की कशावरून कळतं?"

नौशीननी हातातलं पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? त्यावर सिद्धान्त ढीगभर आहेत. कुणी म्हणतं, एकच खबर सगळ्या मेंदूभर पोचली की माणूस जागा. कुणी म्हणतं, मेंदूचे भाग एकमेकांत किती गुंतलेत त्यावर सगळं आहे. भांडणं अजून मिटलेली नाहीत. टेबलावरच्या बाईला आतून काय होतंय, ते यातला एकही मला दाखवत नाही. शिवाय आम्ही विसरायचं औषधही देतो."

संयोगिताच्या मनात आलं, म्हणजे सगळं भोगून, विसरून, सकाळी हसत चहा मागणाऱ्या किती असतील? ती उठून दाराकडे निघाली.

जोतीरामांची उभी हयात गुळाच्या सौद्यात गेलेली. त्यांनी लेकीचा हात धरला, खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला आणि खालून तिची बोटं दाबली. "आमच्या वक्ताला भाव असाच ठरायचा, डॉक्टरीणबाई. त्वांडातनं शबूद न्हाई, समदं बोटांत. हिचा एक हात तेवढा मोकळा ठेवा. त्यो बोलंल."

"तशी पद्धत आहे," नौशीन म्हणाल्या. "दंडाला पट्टा आवळला की अंग लुळं पाडणारं औषध काही वेळ त्या हातात उतरत नाही. मी हात धरून बसेन. ऐकू आलं तर एकदा दाबा, दुखलं तर दोनदा."

तेवढ्या भरवशावर संयोगिता जीव मुठीत धरून तयार झाली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा गाठ गेलेली होती आणि डोक्यात भुलीनंतरचं काही म्हणता काही नव्हतं. तिला इतका आनंद झाला की टाके दुखत असतानाही ती हसली. जोतीरामांनी वर बघत देवाला हात जोडले. तेवढ्यात नौशीन आल्या.

"काय डॉक्टर, हललाच नसेल ना हात?" संयोगितानं थट्टेनं विचारलं.

नौशीन खोटं बोलू शकल्या असत्या. "हलला," त्या म्हणाल्या. "आकडा चांगला खाली होता. तरी मी तुमचं नाव घेऊन विचारलं, ऐकू येतंय का? तुम्ही एकदा दाबलंत. मग विचारलं, दुखतंय का?"

"मग?"

"दोनदा दाबलंत. आणि माझा हात सोडतच नव्हतात. मी लगेच औषध वाढवलं, तेव्हा कुठे पकड सुटली."

मग जोतीराम पुढे झाले. "पर तुला आठवत न्हाई न्हवं, पोरी? मग झालं की. घडलंच न्हाई म्हन."

संयोगितानं आपला उजवा हात पांघरुणावर ठेवला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आबा, मागल्या येळचं निदान मला ठावं हाय," ती म्हणाली. "ह्या खेपंला जिला दुखत हुतं, ती आत एकलीच हुती. मीबी न्हवते तिच्यापाशी."