खिडकीतून टाकलेली फाईल

फाईल सापडली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण सकाळी नऊ वाजता ती अजून हरवलीसुद्धा नव्हती.

नेरच्या स्टँडवर नुसतं गाडीत चढून जागा मिळत नाही. आधी खिडकीतून रुमाल टाकावा लागतो. माझ्याकडे रुमाल नव्हता, म्हणून मी ओरिजिनल मार्कशीटांची फाईल टाकली. दुपारी यवतमाळला नोकरीसाठी त्याच मार्कशीटांची तपासणी होती. टाकल्यावर पाटी वाचली. यवतमाळची गाडी शेजारची होती. ही अमरावतीची, आणि ती निघालीसुद्धा.

"लोकं रुमाल टाकतेत, तू डिग्री टाकली?" मित्र जीशाननं बाईक काढली. "बस मांगं."

नांदगावच्या स्टँडवर गाडी गाठली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सीटवर मात्र फाईल एकटीच, ऐसपैस. शेजारी एक काकू दांड्याला लटकून उभ्या.

"काकू, तुमी बसल्या काहून नाही?"

"कोनाची तरी जागा होती ना बाप्पा! बसाले आलेल्या दोघाइले हाकललं म्या."

एकाही मार्कशीटचा कोपरा दुमडला नव्हता. इतकं हलकं मला पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. तपासणीला वेळेत पोचलो.

तरी आगारप्रमुखांना नम्र विनंती, की सदर फाईलने विनातिकीट प्रवास केला असला तरी तिचे सभ्य वर्तन पाहता तिला खिडकीची जागा कायमस्वरूपी मंजूर करावी, आणि मला तिच्याशेजारी उभे राहण्याची परवानगी द्यावी.