राहिलेली वीत

यज्जाचं घर तिच्या नवऱ्याने दगडावर दगड रचून बांधलं होतं. तो गेल्यावर दीर बासूने त्यात पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि मालकिणीची मोलकरीण करून टाकली. तिचं म्हणावं असं एकच उरलं होतं, मागावरचा गालिचा. तो घेऊन लेक तुदा सासरी जाणार, या घरातून सुटणार, एवढ्या आशेवर यज्जाने हिवाळाभर बोटं सोलून घेतली होती. आता वीतभर विणायचा राहिला होता.

"वहिनी, पाहुण्याबाईंना गालिचा कापताना बघायचाय," बासू म्हणाला. "त्याच घेऊन जाणार आहेत. उद्या निघतात."

"भावोजी, अपुरा कापला तर पोरीचा संसार अर्ध्यावर तुटतो. तुमच्या आईच सांगायच्या ना?"

"आई मेली. पाहुणी जिवंत आहे. आणि कुणाच्या घरात खाता तुम्ही मायलेकी?"

"माझ्या नवऱ्याच्या."

"मग त्यालाच बोलवा कापायला."

कात्री त्याने तुदाच्या हातात दिली. फोटोत तरुण हात बरे दिसतात म्हणे. मागावरून उतरताना गालिचा मरतो असं इथल्या बायका मानतात. शेवटचं पाणी पाजावं तसं त्यावर पाणी शिंपडतात. यज्जाने शिंपडलं. तुदाने दोरे कापले. बाईने टाळ्या वाजवल्या.

सकाळी बाईची बॅग बंद होईना. फार जड आहे हो, असं गोड बोलून ती गालिचा पलंगावर टाकून गेली. बासूने तो उचलून दारात अंथरला, पाहुण्यांच्या बुटांचा चिखल पुसायला.

"मला परत द्या, भावोजी."

"काय करणार? मेलेला कधी उठलाय?"

शुक्रवारी तुदाची होणारी सासू हद्दा लग्नाचा दिवस ठरवायला आली. उंबऱ्यात चपला काढताना वाकली आणि तिचा हात त्या तुटक्या कडेवर थांबला.

"हा अपुरा कुणी कापला?"

यज्जा तोंड उघडणार तोच बासू म्हणाला, "तुदाने. स्वतःच्या हाताने. विचारा तिला."

हद्दाने तुदाकडे पाहिलं. तुदाने मान खाली घातली. त्या मेल्या बासूच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

हद्दाने चपला पुन्हा पायात घातल्या आणि आल्या वाटेने डोंगर उतरू लागली. तिच्यासाठी ओतलेला चहा बासूने सावकाश पिऊन टाकला.

"तुदा," तो म्हणाला, "वरच्या खोलीतल्या चादरी बदल. आता काही घाई नाही तुला."