आरशामागचं दार

वडील गेले आणि धुलाईघर दोघा भावंडांच्या गळ्यात पडलं. धाकटा गाडी घेऊन हॉटेलं हिंडायचा, मळक्या चादरी आणायचा, धुतलेल्या पोचवायचा. आत राज्य ताईचं. वाफेत घामाघूम होऊन ती कामावरच्या बायकांवर ओरडायची आणि कुणाला ताप आला तर स्वतः घरी सोडून यायची. मागच्या दाराशी घड्या घालायला मावशी बसायच्या. नात्याने कुणाच्याच नव्हत्या, पण वडिलांच्या वेळेपासून होत्या, म्हणून सगळ्यांच्या मावशी.

मग दिवस फिरले. सगळ्यात मोठं हॉटेल हातातून गेलं, एक यंत्र बंद पडलं, धाकट्याची झोप उडाली. आणि एके सकाळी तो एका माणसाला घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट, बोलणं लोण्यासारखं. देवाचं नाव नाही, की अंगारा नाही. ऊर्जा, लहरी, प्रवाह असले शब्द. टॅबलेटवरची दिशा दाखवणारी सुई बघत तो भिंतीभिंतीने हिंडला. बायकांनी लगेच त्याचं नाव ठेवलं, होकायंत्र.

मागच्या दाराशी होकायंत्र थबकला. "इथून सगळं वाहून जातंय. हे बंद करा. त्यावर पूर्ण उंचीचा आरसा लावा, म्हणजे प्रवाह आत परतेल."

"अहो, वाळवायची यंत्रं या दाराला लागून आहेत," ताई म्हणाली. "उद्या काही झालं तर इथल्या बायकांनी बाहेर कुठून पडायचं?"

होकायंत्र नुसता हसला. धाकट्याकडे बघून म्हणाला, "अशा बोलण्यानेच जागा जड होते."

"ताई, तुझ्या तोंडून चांगलं काही निघतच नाही का गं?" धाकटा कळवळून म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ताईला त्याचा राग आला आणि कीवही आली.

दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकून दार बंद झालं. ताई सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली होती, तेवढ्यात. परत येऊन बघते तो दाराच्या जागी लखलखीत आरसा, आणि त्यात तिचाच संतापलेला चेहरा. भावाला तिने नको नको ते सुनावलं.

"एकदा बघू तर दे," तो हात जोडून म्हणाला. "फरक पडला नाही तर मी स्वतः काढतो."

नेमका फरक पडला. हातातून गेलेल्या हॉटेलने ज्यांना काम दिलं होतं, त्यांनी चादरी पिवळ्या करून ठेवल्या. हॉटेल परत आलं. "बघितलंस?" धाकटा म्हणाला. "अरे, त्यांनी माती खाल्ली म्हणून आलं," ताई म्हणाली. पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. बायकांनाही आरसा आवडला. जेवणाच्या सुट्टीत तिथे केस विंचरायला झुंबड उडायची. "या वयात रोज माझं थोबाड बघायची शिक्षा," असं म्हणत मावशी पदर सारखा करायच्या.

होकायंत्राचा पुढचा हुकूम आला: काम चालू असताना यंत्रं थांबवायची नाहीत, प्रवाह तुटतो. चादरी वाळताना कापसाचा भुसा सुटतो, जाळ्यांत साठतो. तो काढायचा तर यंत्र थांबवावंच लागतं. धाकटा बाहेर गेला की ताई गुपचूप यंत्र थांबवून जाळ्या साफ करायची. पण आता काम एवढं वाढलं होतं की तिला उसंत मिळेना. यंत्रामागे करडा थर चढत गेला. हवेला करपलेला वास येऊ लागला. ताईचा शकुनांवर विश्वास नव्हता, तरी तिच्या मनात पाल चुकचुकलीच. संध्याकाळी भावाशी शेवटचं भांडायचं, नाहीतर स्वतः पहार घेऊन दार उचकटायचं, असं तिने ठरवलं.

संध्याकाळ व्हायच्या आतच कोपऱ्यातलं यंत्र धडधडलं आणि मागून ज्वाळा उठल्या. भुशाने पेट घेतला, आग भिंतभर पसरली. धूर काळा, दाट. "पुढच्या दाराने! पुढच्या दाराने!" ताई ओरडत होती, हाताला लागेल तिला बाहेर ढकलत होती. रस्त्यावर येऊन तिने पाहिलं. मावशी नव्हत्या.

गाडीतून उतरलेला धाकटा तिच्या शेजारून आत धावला. धुराच्या पलीकडे मावशी मागच्या बाजूला चालल्या होत्या. आयुष्यभर त्या त्याच दाराने घरी गेल्या होत्या. आणि आरशात पुढच्या दाराचा उजेड दिसत होता, अगदी समोर, उघड्या दारासारखा. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते.

धाकट्याने आरसा मुठींनी फोडला. त्यामागच्या लोखंडी पट्ट्या हलल्या नाहीत. मावशींना त्याने खांद्यावर घालून पुढून बाहेर काढलं, पण दवाखान्यात पहाटे त्या गेल्या.

ताई मावशींच्या घरी गेली तेव्हा त्यांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमचे ते टॅबलेटवाले साहेब येऊन गेले. म्हणाले, आईची जन्मवेळ त्या जागेला सोसणारी नव्हती. तिच्यामुळे तुमच्यावर हे आलं. खरंय का हो?"

ताई तिच्याजवळ खाली बसली. "नाही गं बाळा," ती म्हणाली. "तुझ्या आईने काहीसुद्धा केलं नाही. दार आम्ही बंद केलं होतं."

तिथून ती थेट दवाखान्यात भावाकडे गेली. त्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये गुंडाळलेले होते. उशाशी फोन चालू होता आणि त्यातून तोच लोण्यासारखा आवाज येत होता. ताईने फोन बंद केला.

"चौकशीवाले उद्या येतील," ती म्हणाली. "दार कुणी बंद केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, सगळं सांगणार आहे मी. तुझं नावही घेणार."

धाकटा छताकडे बघत राहिला. "ते म्हणाले, आरसा फोडायला नको होता," तो पुटपुटला. "फोडला नसता तर मावशी वाचल्या असत्या."

 खुर्ची ओढून ताई त्याच्या शेजारी बसली, आणि पहिल्यांदाच तिला आपल्या भावाची भीती वाटली.